दाराबाहेरची ड्यूटी

हा लेख खरं तर सूर्यवंशी सिस्टरांनी लिहायचा होता. लातूर जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी इंटर्नशिपचे सहा महिने काढले, तिथल्या लेबर रूमच्या त्या इन्चार्ज. अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं करतायत. अंकाचे संपादक त्यांच्याकडं दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्या हातमोजे काढत बाहेर आल्या, माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "याला सांगा. हा दाराबाहेर बसून असतो, याला सगळं ऐकू येतं." एवढं बोलून परत आत गेल्या. म्हणून हे मी लिहितोय. माझ्याकडं अठ्ठावीस वर्षं नाहीत, सहा महिने आहेत, आणि त्यातलाही बराचसा वेळ एका स्टुलावर गेला. कुठं चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी नायगावचा. आडनाव मणियार. वडील बांगड्या भरतात. बाजाराच्या दिवशी पेटी मांडून बसतात, एरवी गावोगाव फिरतात. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिला. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा वडिलांना वाटलं, हे तर बायकांचं काम. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण त्यांचा स्वतःचा सगळा जन्म बायकांचे हात हातात घेण्यात गेला आणि कुणी कधी नाव ठेवलं नाही. निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली: हात धरताना नजर बांगडीवर ठेवायची, चेहऱ्यावर नाही. शिकवण चांगली होती. पण लेबर रूममध्ये ती उलटी करावी लागते हे मला सिस्टरांकडून कळलं. कळ कधी आली, किती जोराची आली, हे आधी चेहऱ्यावर दिसतं.

आमच्या अभ्यासक्रमात बाळंतपणाचा विषय मुलांनाही आहे. परीक्षा आहे, जर्नल आहे, ठरावीक केसेस भरायच्या असतात. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी पहिल्याच बाईनं मला पाहिलं, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि सिस्टरांना सांगितलं, "ह्या पोराला भाईर काढा आधी." सिस्टरांनी तिला काही समजावलं नाही. मला म्हणाल्या, बाहेर जा. मी गेलो. कान तापले होते. तासाभरानं त्या एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या, दाराशी ठेवलं आणि म्हणाल्या, "आत मी एकटी आहे आणि बाहेर बारा जण. आतलं मी बघते. बाहेरचे बारा तुझे."

मला ती शिक्षाच वाटली. दोन दिवस मी पुस्तक उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी सहज मोजलं, तर एका बाळंतपणात दार सतरा वेळा वाजलं. झालं का? किती वेळ लागंल? तिला चहा देऊ का? नांदेडचे मामा फोनवर हायत, बोलता का? एकानं तर आत पंखा चालू आहे का म्हणून विचारलं. दर वेळी सिस्टरांना पोटावरचा हात काढावा लागायचा, हातमोजे उतरवून दारात यायचं, उत्तर द्यायचं, परत हात धुवायचे, नवे हातमोजे घालायचे. तेवढ्यात एखादी कळ न बघता निघून जायची.

इथं या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मलाही ते माहीत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सिस्टर काहीच करत नाही, नुसती बसलीय. पण ते बसणं हेच काम आहे. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे. पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या. पिशवीचं तोंड किती उघडलं ते ठरावीक वेळानं तपासून एका आलेखावर खूण करायची. बाईला चालवायचं, कुशीवर वळवायचं, घोट घोट पाणी पाजायचं, लघवीला पाठवायचं. आलेखावरची रेघ जिथं जायला नको तिथं जायला लागली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारायची आणि गाडी बोलवायची. आणि रेघ नीट असेल तर हात आवरून थांबायचं. हे थांबणंच अवघड असतं, कारण ते कुणाला दिसत नाही. सलाईनची बाटली लटकलेली दिसली की नातेवाईक शांत होतात. एक आजोबा मला म्हणाले होते, बाटली बी न्हाई लावली, मग दवाखान्यात कशाला आणलं?

सगळ्यात जास्त मागणी इंजेक्शनची. कळा वाढवायचं इंजेक्शन सगळ्यांना नावानिशी माहीत आहे. ते कुणाला, कधी आणि किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतात आणि त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. कळ येते तेव्हा बाळाकडं जाणारी रक्ताची वाट आवळली जाते. दोन कळांच्या मध्ये बाळ दम खातं. उगाच इंजेक्शन दिलं की ती मधली जागाच संपते. गंमत अशी की तेच औषध सिस्टर बाळ बाहेर आल्याबरोबर प्रत्येक आईला देतात, रक्त जास्त जाऊ नये म्हणून. तेव्हा मात्र कुणी मागत नाही, कारण तेव्हा सगळे पेढ्याच्या गडबडीत असतात.

हळूहळू मी बाहेरचं काम शिकलो. दर अर्ध्या तासानं सिस्टर दाराच्या फटीतून मला दोन वाक्यं सांगायच्या, ती मी बाहेर सांगायचो. बातमी आपणहून येते म्हटल्यावर दार वाजणं कमी झालं. बाळंतिणीसोबत एक बाई आत थांबू शकते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. एकदा एका नवऱ्यानं आधी मोठ्या वहिनीला पाठवलं, मग आत्याला, मग चुलतीला. शेवटी सिस्टरांनी त्या बाईलाच विचारलं, तर तिला शेजारीण हवी होती. शेजारीण रिक्षा करून आली, आणि पुढचे तीन तास आतून अधूनमधून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

सिस्टर स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. एकदा दुपारी डबा खाताना मात्र बोलल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, अशाच एका बाईच्या घरच्यांनी गोंधळ घातला. वेळ लागतोय, आम्ही मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाले. सगळं नीट चाललं होतं. त्या दारात नको म्हणत उभ्या राहिल्या, पण पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई होती आणि तिच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. त्या तिच्याकडं वळल्या, तेवढ्यात लोकांनी पहिलीला उचलून जीपमध्ये घातलं. बाळ रस्त्यात झालं. ते रडलंच नाही. सिस्टर भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी दार धरायला कुणी नव्हतं." नंतर त्यांनी डबा झाकून ठेवला.

हे ऐकूनसुद्धा मी जी चूक केली, ती आता सांगतो.

भाग्यश्री नावाची बावीस वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर देवणीच्या बाजूचं, सासर चाकूरचं. तिच्या वडिलांचं सरकी-पेंडेचं दुकान. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सकाळी अकराला तिला आणलं. सोबत आई, मामा, दोन काकू आणि आणखी चारपाच जण. आई तिच्याबरोबर आत गेली. अण्णा माझ्या स्टुलाजवळ येऊन उभे राहिले, ते हललेच नाहीत. त्यांचा फोन सारखा वाजत होता. चाकूरहून व्याही विचारत होते. मग मला कळलं की दुपारी तीन चाळीसला अमावस्या लागणार होती आणि चाकूरच्यांना बाळ त्याच्या आत हवं होतं. अण्णांचा स्वतःचा त्यावर फार भरवसा दिसला नाही. त्यांना भीती होती ती लेकीची. उद्या त्या घरात काहीही वाईट झालं तर बोट तिच्याकडं जाईल, ही.

"पोरा, खरं सांग," ते म्हणाले. "तीनच्या आत होईल न्हवं?"

मी सिस्टरांच्या हातात आलेख पाहिला होता. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते मला माहीत होतं. मनातल्या मनात गणित केलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "हाव, तीनपर्यंत होऊन जाईल."

त्यांनी लगेच चाकूरला फोन लावला. म्हणाले, डॉक्टर सांगायलेत, तीनच्या आत. मी डॉक्टर नाही हे मी तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. खरं लिहायचं तर मला थोडं बरंच वाटलं.

सव्वादोन झाले, अडीच झाले. आतून दोनच वाक्यं येत होती: ठोके चांगले, वेळ आहे. अण्णांनी मला बाजूला सारून दार वाजवलं. मामानं फाटकाशी एक क्रूझर गाडी आणून उभी केली. उदगीरला नेतो, पाऊण तासात सिझर होईल, न्हाईतर इथंच इंजेक्शन द्या, असं सगळे एकदम बोलायला लागले. सिस्टर बाहेर आल्या.

"तीन वाजताचं कुणी सांगितलं?"

"ह्या तुमच्या डॉक्टरनं," अण्णा म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णांना त्यांनी सांगितलं की आई बरी आहे, बाळ बरं आहे, डॉक्टरसाहेब आत्ताच तपासून गेलेत; गरज पडली तर गाडी मीच बोलवीन, तुम्हाला सांगावं लागणार नाही. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "गाठ तू मारलीस, तूच सोडव. मला परत दारात यायला लावू नको. आता मला तिच्यापासून उठता यायचं नाही." आणि दार लावून घेतलं.

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. हलायचं नाही एवढं ठरवलं होतं. म्हणालो, "अण्णा, मी चुकलो. मी डॉक्टर न्हाई, शिकाऊ हाय. मला टैम ठाऊक नव्हता. कुणालाच ठाऊक नसतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो."

मामा म्हणाला, "हे आधी सांगायला काय झालं होतं? आता चाकूरला काय तू फोन लावतोस का?"

"हाव, लावतो. द्या फोन. माझी चूक हाय, मीच सांगतो."

मामाला हे अपेक्षित नव्हतं. अण्णांनी फोन दिला नाही, पण हातातही धरवेना त्यांना. मी इंजेक्शनचं सांगितलं, बाळ मध्ये दम खातं ते सांगितलं. रस्त्यात काय होऊ शकतं तेही सांगितलं, सिस्टरांचं नाव न घेता. काकू खाली बसल्या. मामा मात्र क्रूझरकडं बघत होता. तेवढ्यात भाग्यश्रीची आई पाण्याची बाटली भरायला दारात आली, आणि माझ्या डोक्यात आलं की इतक्या वेळात एका माणसाला आपण काहीच विचारलं नाही. मी म्हणालो, मावशी, तिला एवढं विचारता का, तिला उदगीरला जायचं का म्हणून?

आई आत गेली. थोड्या वेळानं ती परत आली, ती थेट अण्णांसमोर.

"ती म्हनती, मला गाडीत बसायचं न्हाई. हितंच ऱ्हायचं, सिस्टरबाई सांगतील तसं. आन अण्णांना म्हणावं, तो फोन बंद करा."

एक काकू तोंडावर पदर घेऊन हसली. त्याच वेळी फोन वाजला. चाकूर. अण्णा फोनच्या स्क्रीनकडं बघत राहिले. वाजून वाजून तो थांबला. त्यांनी तो बंद करून शर्टाच्या खिशात टाकला आणि मामाला म्हणाले, "गाडी जाऊ दे."

मी सगळ्यांना पाणी दिलं. तीन चाळीस झाले तेव्हा सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मामानं मला विचारलं, आता टैम न्हाई का सांगत? मी म्हणालो, न्हाई. तो पहिल्यांदा थोडा हसला.

चार पंचवीसला रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली. सिस्टर आतून वेळा सांगायच्या आणि मी दाराशेजारच्या टेबलावर रजिस्टरमध्ये लिहायचो, अशी आमची पद्धत होती. "जन्म चार पंचवीस," त्या म्हणाल्या. मी पेन उचललं. अण्णा टेबलावर वाकले. डोळे ओले होते, आवाज अगदी खाली.

"साडेतीन लिही ना बाबा. तासाभरानं कुणाचं काय जातंय? पोरीला तिथं नांदायचं हाय. आन तूच तर तीन म्हणला होतास."

त्यांचं मी देणं लागतो असं मला वाटलं. खरंच वाटलं. माझ्या बोलण्यानं ते अडकले होते, आणि एका आकड्यानं सुटणार होते. मी तीनचा आकडा काढला. तेवढ्यात आतून सिस्टरांचा आवाज आला, "इंजेक्शन चार सव्वीस. वार पडली चार तेहेतीस. रक्त बेताचं." त्या एकामागून एक सांगत होत्या आणि मला तो कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला. जन्म साडेतीन आणि वार चार तेहेतीसला, म्हणजे बाळामागून पडणारी वार तासभर पोटातच अडकून बसली होती, असं तो कागद सांगणार. दोन-तीन वर्षांनी भाग्यश्री पुन्हा बाळंत होईल, तेव्हा कुठली तरी दुसरी सिस्टर हा कागद वाचेल, तो तास खरा धरेल आणि नको ती धास्ती घेईल, किंवा नको तो उपाय करेल.

मी तीनवर एक आडवी रेघ मारली, बाजूला चार पंचवीस लिहिलं आणि सही केली. मग अण्णांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हणालो, चाकूरला जे सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण हा कागद चाकूरचा न्हाई, तुमच्या लेकीचा हाय.

त्यांनी त्या खोडलेल्या आकड्याकडं एकदा पाहिलं. मग बाहेर ओट्यावर गेले आणि फोन चालू केला. मला ऐकू येत होतं. "चार पंचवीस. हाव, अमावस्येतच. पोरगी हाय. दोघी ठणठणीत हायत. बगायला यायचं तर या, बोलायला यायचं असंल तर येऊ नका."

संध्याकाळी सिस्टरांनी रजिस्टर बघितलं आणि तीनवर बोट ठेवलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोडलंस ते बरं केलंस. झाकलं नाहीस, ते त्याहून बरं." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

या कामाला मदत कशी करायची, असं संपादकांनी मला विचारलं होतं. मी फार मोठं काही सांगू शकत नाही. एका पाळीला एका सिस्टरच्या अंगावर दोन-दोन बाळंतपणं आणि वरून सगळी रजिस्टरं असतात. तिथं दुसरी प्रशिक्षित बाई हवी, हे सरकारनं करायचं काम आहे आणि ते मागत राहायला पाहिजे. पण बाकीचं आपल्याच हातात आहे. लेक माहेरी आणताना तिचं माता-बाल कार्ड सासरच्या कपाटात ठेवून येऊ नका. आधीचा रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं त्यात असतं. तिला आत कोण सोबत हवं ते तिलाच विचारा. इंजेक्शन मागू नका. आणि दार वाजवू नका. बारशाला मामाचा, आत्याचा मान असतो. पूर्वी सुईणीलाही साडीचोळी असायची. आता सिस्टरला कुणी बोलावत नाही. त्यांना साडी नको आहे. अठ्ठावीस वर्षांत किती जणांनी परत येऊन बाळ दाखवलं, असं मी विचारलं होतं, तर त्यांनी एका हाताची बोटंसुद्धा पुरी मोजली नाहीत.

इंटर्नशिप संपल्यावर मी काय करणार, असं आता घरी विचारतात. मी लेबर रूममध्येच काम मागणार आहे. आत घेतलं तर आत, नाहीतर बाहेर. काही बायका मला नको म्हणतील, तो त्यांचा हक्क आहे. पण दाराबाहेरचं कामही याच कामाचा भाग आहे, ते कुणीतरी शिकून करायला हवं, आणि मी ते शिकायला सुरुवात केलीय.

भाग्यश्री दवाखान्यात असतानाच, तिसऱ्या दिवशी, एक नवीन कुटुंब आलं. मी कुणाला तरी वॉर्डात पोचवून परत येत होतो. लांबूनच पाहिलं, माझ्या स्टुलावर अण्णा बसले होते, मांडीवर लेकीचा डबा. नव्या बाळंतिणीचा बाप दाराकडं हात नेत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नका," ते म्हणाले. "आन तो पोरगा येईल आता, त्याला टैम विचारू नका, त्याला काय बी कळत न्हाई. बसा हितं. आत बाई हायत."